घड्याळ म्हणतं ‘खा’, नवरा म्हणतो ‘नको’

प्रश्न : पुण्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ३८, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ७१ किलो, बँकेत टेबलावरची नोकरी. नऊ आठवड्यांपूर्वी त्यांनी वजन उतरवायचं मनावर घेतलं. मोबाइलवरच्या अ‍ॅपने दिवसाला १३५० कॅलरी ठरवून दिल्या. आठवड्यातले पाच दिवस त्या पहाटे पाऊण तास भरभर चालतात आणि गच्चीवर वीस मिनिटं संथ सूर्यनमस्कार घालतात. रविवारी मैत्रिणींबरोबर सिंहगड. मनगटावरचं घड्याळ रोजच्या व्यायामाच्या ३९० आणि गडाच्या ११०० कॅलरी दाखवतं. अ‍ॅप त्या लगेच खात्यात जमा करून ‘आज अजून इतकं खाऊ शकता’ असं सांगतं, आणि त्या खातात. यजमानांचं म्हणणं, ‘खायचंच होतं तर चाललीस कशाला?’ ऑफिसातली मैत्रीण सांगते, ‘खाल्लं नाहीस तर शरीर उपासमारीच्या मोडमध्ये जातं आणि चरबी धरून ठेवतं.’ नऊ आठवड्यांत वजन उतरलं जेमतेम ७०० ग्रॅम. ‘सगळं मोजूनमापून करते, तरी काटा हलत नाही. व्यायामाच्या कॅलरी खायच्या की नाही, एकदाचं सांगा,’ असं त्या लिहितात. पत्राच्या तळाशी, वेगळ्या पेनाने, आणखी दोन ओळी आहेत : ‘चालायला जमलं नाही त्या दिवशी रात्री नुसतं ताक पिऊन झोपते. परवा तेरा वर्षांची मुलगी शाळेतून येऊन म्हणाली, आई, आज पीटी होती, मला किती कॅलरी मिळाल्या?’

उत्तर :

सरळ उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. घड्याळाने दाखवलेल्या त्या ३९० कॅलरी तुम्ही वेगळ्या खायच्या नाहीत. गडाच्या ११०० तर नाहीतच. पण हे वाक्य यजमानांना वाचून दाखवायची घाई करू नका, कारण त्यांचं उत्तर बरोबर आलं असलं तरी रीत चुकलेली आहे. आणि जिला मी ‘अवश्य खा’ असं सांगेन अशी एखादी बाई तुमच्याच सोसायटीत राहत असेल. तिच्याकडे नंतर येते.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण ती १३५० या आकड्यातच लपलेली आहे. अ‍ॅपने वय, उंची, वजन विचारल्यावर आणखी एक प्रश्न विचारला असणार : दिवसभराची हालचाल किती? बैठी, थोडी, मध्यम, भरपूर. तुम्ही ‘थोडी’वर बोट ठेवलंत, बरोबर? कसं ओळखलं ते सांगते. माणूस नुसता पडून असला तरी हृदय, मेंदू, यकृत, श्वास हे सगळं चालू ठेवायला ऊर्जा लागते. ती काढायचं मिफ्लिन-सेंट जिऑर नावाचं एक सूत्र १९९०पासून वापरात आहे. बायकांसाठी ते असं : वजनाची दसपट, अधिक उंचीची सव्वासहापट, उणे वयाची पाचपट, उणे १६१. तुमचे आकडे घातले की उत्तर येतं १३४६ आणि वर अर्धा. बैठ्या माणसासाठी याला १.२ने गुणतात, थोडी हालचाल असलेल्यासाठी १.३७५ने. पहिलं उत्तर सुमारे १६१५, दुसरं सुमारे १८५०. आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरावं म्हणून अ‍ॅप रोजचे ५०० वजा करतं. १८५०मधून ५०० गेले, राहिले १३५०. सापडला की नाही तुमचा आकडा?

म्हणजे काय झालं? बँकेत तुम्ही खुर्चीवर बसता हे खरं, पण तो प्रश्न समोर आला तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे पहाटेचं चालणं आलं, गड आला, आणि ‘बैठी’ लिहायला मन झालं नाही. चूक काहीच नाही त्यात. फक्त त्या क्षणी तुमचा व्यायाम हिशेबात धरला गेला, दिवसाला २३५ कॅलरी या भावाने. पुढे घड्याळ अ‍ॅपला जोडलंत आणि तोच व्यायाम दुसऱ्यांदा जमा झाला. एकाच चेकची दोनदा क्रेडिट एन्ट्री पडली तर संध्याकाळी शाखेत काय गोंधळ होतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता ते ३९०. व्यायामाचा खर्च काढायची एक ढोबळ रीत आहे. शांत बसलेला माणूस तासाला आपल्या वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च करतो. ताशी साडेपाच किलोमीटरच्या चालीने चालताना त्याच्या ४.३ पट, संथ सूर्यनमस्कारांत ३.३ पट. (आपण सगळेच जिला कॅलरी म्हणतो ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी, वाद नको म्हणून सांगून ठेवते.) ७१ किलो आणि पाऊण तास, चालण्याचे झाले २२९. वीस मिनिटांच्या नमस्कारांचे ७८. बेरीज ३०७. घड्याळ म्हणतंय ३९०. सव्वापटीहून थोडं अधिक. यात तुमचं घड्याळ बिघडलंय असं समजू नका. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली होती. हृदयाचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत बऱ्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सर्वांत वाईटाची ९३. मनगटाला ठोके कळतात, हात हललेला कळतो. स्नायूंनी किती इंधन जाळलं, ते त्याने अंदाजाने सांगायचं असतं.

आणि त्या ३०७मध्येही एक मेख आहेच. त्या पासष्ट मिनिटांत तुम्ही चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसला असतात तरी ७७ कॅलरी खर्च झाल्याच असत्या. त्या तर १३५०मध्ये आधीपासून आहेत. त्या वगळल्या की व्यायामाची निव्वळ कमाई उरते २३०. घड्याळाच्या ३९०पैकी तुमच्या पदरात पडलेली खरी रक्कम एवढीच, आणि तीही आधीच खात्यात धरलेली.

सिंहगडाचा हिशेब मी मुद्दाम वेगळा केला, कारण तो करताना मलाच मजा आली. आतकरवाडीतून वर जायचं म्हणजे सुमारे ६०० मीटरची चढाई. ७१ किलोचा ऐवज ६०० मीटर वर न्यायला लागणारं काम, शाळेत शिकलो त्या वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची या सूत्राने, येतं बरोबर १०० कॅलरीच्या आसपास. फक्त शंभर! पण आपले स्नायू इंधनाचा जेमतेम चौथा हिस्सा कामाला लावतात, बाकीची उष्णता होते. म्हणून तर पहिल्याच टप्प्यात ओढणीने मान पुसायला लागते. तेव्हा चढाईचे धरा ४००. पुढे सरकणं, तोल सांभाळणं, उतरताना गुडघ्यांनी धरलेला ब्रेक हे सगळं मिळवून साडेसहाशेपर्यंत जाऊ. ११००पर्यंत काही केल्या मी पोचू शकले नाही.

आता आठवड्याची वजाबाकी करू. अ‍ॅपने ठेवलेली तूट रोजची ५००, म्हणजे आठवड्याला ३५००. त्यावर तुम्ही परत खाल्लेल्या : ३९० गुणिले पाच, अधिक गडाच्या ११००, एकूण ३०५०. शिल्लक तूट राहिली ४५०. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. या हिशेबाने तुमचं वजन आठवड्याला ५८ ग्रॅम उतरायला हवं, नऊ आठवड्यांत ५२५ ग्रॅम. तुमचं उतरलं ७००. मधला फरक तर सकाळी प्यायलेल्या पेलाभर पाण्याएवढा आहे. तेव्हा काट्याला दोष देऊ नका. त्याने चोख हिशेब दिला आहे, तुमच्या हाती आलेली यादीच चुकीची होती.

आता मैत्रिणीकडे वळू. ‘खाल्लं नाही तर शरीर चरबी धरून ठेवतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा उगम कुठून झाला असेल याचं मला कुतूहल आहे. उपासमारीत शरीर खर्च आवरतं हे खरंच आहे. १९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर प्रयोग केला होता. सहा महिने अर्धपोटी ठेवून, वर आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं. त्यांच्या शरीराचा विश्रांतीतला खर्च खूप खाली आला, हातपाय गार पडायचे, चिडचिड व्हायची. पण वजन उतरायचं थांबलं नाही. मूळ वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. त्यामुळे तुमच्या ३९० कॅलरी न खाल्ल्याने चरबी अडून बसेल ही भीती सोडून द्या. त्या प्रयोगातली मला विसरता न येणारी गोष्ट वेगळीच आहे. ती पोरं दिवसरात्र खाण्याचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं जमवायची, एकेक घास घोळवत राहायची. अन्नाचा हिशेब डोक्यात चोवीस तास चालू राहिला की माणसाचं असं होतं. हे लक्षात असू द्या, मला याच्याकडे परत यायचंय.

यजमानांचं ‘चाललीस कशाला’ हे तर मुळातच उलटं आहे. चालण्याचा मोबदला फक्त वजनात मोजायचा झाला तर चालणं तोट्याचा धंदा ठरेल. तासाभराच्या घामाचे २३० आणि चिवड्याच्या एका भरल्या वाटीचेही जवळपास तेवढेच. पण रक्तातली साखर, रक्तदाब, झोप, गुडघ्याभोवतीचे स्नायू, दुपारी चारला काउंटरवर येणारी मरगळ, यांपैकी काहीच घड्याळ कॅलरीत दाखवत नाही. शिवाय उतरलेलं वजन पुन्हा चढू न देण्याच्या कामी व्यायामाइतकं उपयोगी थोडंच काही असतं. तुमचे यजमान स्वतः चालतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

त्यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की व्यायामाने वाढलेला सगळाच खर्च दिवसाच्या बेरजेत दिसत नाही. हर्मन पाँट्झर या मानववंशशास्त्रज्ञांनी २०१२मध्ये टांझानियातल्या हाद्झा या शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. शरीराचा आकार लक्षात घेता तो खुर्चीवर बसणाऱ्या शहरी माणसाएवढाच भरला. शरीर एकीकडे खर्च झाला की दुसरीकडे हात आखडतं. २०२१मध्ये शेकडो प्रौढांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा वाढीव हालचालीच्या सरासरी २८ टक्के कॅलरी अशा परत वळवल्या जातात असं दिसलं. यातला काही भाग आपल्या डोळ्यांदेखत घडतो. पहाटे चालून आलेली बाई संध्याकाळी दुसऱ्या मजल्यासाठी लिफ्टचं बटण दाबते आणि ‘आज माझं झालंय’ म्हणून भाजी आणायला मुलाला पिटाळते. तुम्ही असं करत असाल असं मी म्हणत नाही. मी करते.

तर ज्यांचा आकडा ‘बैठी’ धरून काढलेला आहे त्यांनी काय करावं? त्यांच्या आकड्यात व्यायाम नसतो, त्यामुळे त्यांनी खाण्यात काही तर्क आहे. तरीही घड्याळ दाखवील त्याच्या निम्मंच धरावं, आणि तेही व्यायाम तासाच्या वर गेला तरच. वीस मिनिटांच्या फेरीसाठी वही उघडू नये. मला स्वतःला तुमचा मार्ग अधिक पसंत आहे : व्यायामासकट एकच आकडा ठरवायचा आणि घड्याळाचा अ‍ॅपशी असलेला संबंध तोडायचा. सेटिंगमध्ये तशी सोय असते. सापडली नाही तर घरात तेरा वर्षांची तज्ज्ञ आहेच.

मात्र १३५० हा आकडा मला तुमच्यासाठी ताणलेला वाटतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२०मध्ये ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीसाठी दिवसाची गरज १६६० सांगितली आहे. त्याच्यापेक्षा बरंच खाली राहून वर पहाटे उठून चालायचं, गड चढायचा, घरचा स्वयंपाक, ऑफिस. कशाला? रोज सरासरी १४५० धरा. आठवड्याचे होतात १०,१५०. ते तुम्ही सहा दिवस १४०० आणि रविवारी १७५० असे वाटून घ्या. भूक जिथे आहे तिथे अन्न ठेवलेलं बरं, आणि गडावरून आलेल्या माणसाला भूक असतेच. या वाटणीत आठवड्याला २८०० कॅलरींची तूट राहते, म्हणजे ३६० ग्रॅम, म्हणजे पुढच्या नऊ आठवड्यांत सव्वातीन किलोच्या आसपास. ७०० ग्रॅमशी तुलना करा, आणि हे सगळं अ‍ॅपच्या १३५०पेक्षा रोजचे शंभर जास्त धरून.

पण त्यासाठी १४०० म्हणजे खरोखरच १४०० हवेत. १९९२मध्ये न्यूयॉर्कला एक अभ्यास झाला होता. ‘आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांचं खाणं शास्त्रीय पद्धतीने तपासलं, तर नोंदवलेलं खाणं प्रत्यक्षाहून सरासरी ४७ टक्के कमी होतं. ती माणसं खोटारडी नव्हती. अंदाज असाच चुकतो सगळ्यांचा. आपल्याकडे तो कुठे चुकतो ते मला पाठ झालंय : पोळीत आणि पळीत. अ‍ॅपमधली ‘रोटी’ म्हणजे बहुधा पातळसर कोरडा फुलका. आपली घडीची पोळी, आत तेलाचं बोट, पीठ लावून लाटलेली, वर पुन्हा तेल फिरवलेलं. तिच्या तुम्ही ‘रोटी १’ म्हणून ७०-८० लिहीत असाल तर दर पोळीला तितक्याच लिहायच्या राहतात. एक दिवस काट्यावर पाव किलो कणीक मोजून भिजवा आणि किती पोळ्या होतात ते बघा. सात झाल्या तर एकेकीत ३५ ग्रॅम पीठ, सुमारे १२० कॅलरी. वर चमचाभर तेलाच्या ४०. आपल्या पोळीचा भाव एकदा काढला की जन्मभर पुरतो.

तेलासाठी याहून सोपी युक्ती आहे. फोडणी कोणी मोजत बसू नये, मीही बसत नाही. महिन्याचा डबा मोजावा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल, म्हणजे ३४०च्या पुढे कॅलरी. तुमच्या नोंदीत तेलाच्या नावावर किती आहेत ते ताडून पाहा. फरक दिसला तर दाण्याच्या कुटाचाही डबा काढा. उपासाच्या दिवशीचं तर विचारूच नका : ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट आणि चमचाभर तूप, म्हणजे साधी एक बशी खिचडी, चारशेला जाऊन टेकते.

मोजायचं ते इतपतच, आणि तेही महिनाभर. त्यानंतर निकाल काट्याला देऊ द्या. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करा. रोजचा आकडा लिहून ठेवा पण रोज त्यावर विचार करू नका. आठवड्याची सरासरी काढा आणि सरासरीची सरासरीशी तुलना करा. पाळीच्या आधी दीड-दोन किलो पाणी अंगात थांबू शकतं. लोणचं-पापडाच्या लग्नाच्या जेवणानंतर, आणि पहिल्यांदाच पाय दुखेस्तोवर व्यायाम केल्यावरही तसंच. म्हणून चार आठवडे. एका पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत. चार आठवड्यांत दीड किलोच्या आसपास उतरलं तर काहीही बदलू नका. अर्ध्या किलोवर अडलं तर रोजचे शंभर कमी करा. अडीचच्या वर गेलं तर दोनशे वाढवा, खूश होऊन तसंच पुढे रेटू नका. व्यायामाने नेमकं किती जळलं हा प्रश्नच मग उरत नाही, कारण जे काही जळलं ते त्या सरासरीत येऊन बसलेलं असतं.

प्रथिनांकडे मात्र लक्ष ठेवा. त्याच परिषदेच्या शिफारशीने तुमच्या वजनाला दिवसाला किमान ६० ग्रॅम होतात, आणि वजन उतरवताना थोडी अधिक बरी, म्हणजे उतरणाऱ्या वजनात स्नायू कमी आणि चरबी जास्त जाते. दोन्ही जेवणांत उसळ किंवा घट्ट वरण, दही, अंडी-मासे चालत असतील तर उत्तम.

आता त्या सोसायटीतल्या बाईकडे. ती सातारच्या किंवा मुंबईच्या अर्धमॅरेथॉनची तयारी करतेय, रविवारी पंधरा-अठरा किलोमीटर धावते. धावताना किलोमीटरमागे वजनाच्या दर किलोला साधारण एक कॅलरी जाते; साठ किलोची असेल तर एका सकाळी नऊशे ते अकराशे. तिने ‘वजन उतरतंय तर राहू दे’ म्हणून ते भरून काढलं नाही, तर आधी पाळी लांबते, मग बंद होते, हाडाला तडे जातात, सर्दी पाठ सोडत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं, इतकी ती खेळाडूंमध्ये आढळते, आणि पुरुषांमध्येही आढळते. या बाईने खायचं, धावण्याच्या आधी आणि नंतरही. अंगावर पाजणारी आई, वाढत्या वयाची मुलं, आधीच किडकिडीत असलेली माणसं, यांनीही व्यायामाने पडलेली तूट तशीच ठेवायची नाही. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्यांनी तर हा प्रश्न सदराला न विचारता आपल्या डॉक्टरांना विचारावा. त्यांच्या बाबतीत व्यायामानंतर न खाणं म्हणजे साखर एकदम खाली येऊन चक्कर येण्याला निमंत्रण.

तुमच्यात यांपैकी काही नाही असं पत्रावरून दिसतं. पाळी अनियमित असेल, केस मूठमूठ गळत असतील, जिना चढताना दम लागत असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, इतकंच.

राहिल्या त्या तळाच्या दोन ओळी. खरं सांगायचं तर सगळं पत्र वाचून झाल्यावर मी त्यांच्यापाशीच थांबले होते.

चालणं चुकलं म्हणून ताकावर झोपायचं, हे मोजमाप नाही राहिलं. ही रोजंदारी झाली : आज हजेरी नाही, आज पगार नाही. गंमत म्हणजे तुमच्या त्या आकड्यात चुकलेल्या दिवसांचीही सोय आहे. १८५० ही सरासरी आहे, तिने तुम्ही सातही दिवस चालाल असं गृहीतच धरलेलं नाही. पाऊस आला, शाखेत ऑडिट आलं, पाठ धरली, त्या दिवशीही १४००च. तेच वरण, तीच भाजी, त्याच दोन पोळ्या. ताकावर झोपल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अकरा वाजता ड्रॉवरमधल्या बिस्किटांच्या पुड्याकडे हात जातो की नाही? मिनेसोटातल्या पोरांना पाककृतींची पुस्तकं लागायची, आपल्याला पुडा लागतो.

उलट बाजूही बघा. रात्री साडेनऊला अ‍ॅपमध्ये २६० शिल्लक दिसतात, भूक तर नसते, पण शिल्लक वाया कशी घालवायची म्हणून ओट्याशी उभं राहून दाण्याचा एक लाडू आणि मूठभर चिवडा. असं होत असेल, तर त्या वेळी तुम्ही पोटाला विचारलेलंच नसतं. पुढचा महिनाभर एक करून पाहा. जेवणानंतर काही खावंसं वाटलं तर अ‍ॅप न उघडता आधी खाली बसा. उभ्याने काही नाही. बसून, बशीत घेऊन, हवं असेल तर खा, आणि मग लिहा.

आणि मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या. टाळू नका. पीटीने कॅलरी ‘मिळत’ नाहीत, पीटीने भूक लागते, आणि शाळेतून आल्यावर भूक लागली की खायचं असतं, असं सांगा, आणि ते सांगताना समोर पोहे किंवा गूळ-तूप-पोळी असू द्या. तेराव्या वर्षी उंची वाढायची असते, हाडं भरायची असतात. तिच्यासमोर घड्याळ बघून ‘आज मला जेवता येईल’ असं तोंडातून जात असेल तर तेवढं आवरा. तिच्या वजनाची खरोखर काळजी असेल तर ती बालरोगतज्ज्ञांकडे बोलायची, जेवणाच्या टेबलावर नाही.

सिंहगड सोडू नका. वर जाऊन पिठलं-भाकरी खाऊ नका असं मी कोणत्या तोंडाने सांगू? दोन भाकऱ्या, पिठलं, ठेचा आणि मडक्यातलं दही, हे १७५०मध्ये आरामात बसतं. घरी आल्यावर दुपारचं जेवण पुन्हा वाढून घेऊ नका म्हणजे झालं. कांदाभज्यांची प्लेट मात्र चौघींत एक. तुमच्या गटात तिघीच असतील तर चौथी कोणीतरी शोधा.

घड्याळही घालून जा. वेळ ते अगदी बिनचूक सांगतं. आतकरवाडीपासून पुणे दरवाजापर्यंत आज किती मिनिटं लागतात ते टिपून ठेवा, आणि चार आठवड्यांनी वजनाच्या सरासरीबरोबर मला तेही कळवा.